अडलेली नळी

घरात एखादी वस्तू अडून बसली की माणसाचा खरा स्वभाव बाहेर पडतो, असे माझे फार दिवसांचे मत आहे. लग्न जमवताना आपण पत्रिका पाहतो, घराणे पाहतो, पगार तर पहिल्याच भेटीत विचारतो; पण मुलाच्या हातात लोणच्याची घट्ट बसलेली बरणी देऊन, 'एवढे झाकण जरा उघडता का हो?' असे कोणी म्हणत नाही. म्हटले, तर पुष्कळ घोटाळे टळतील. कारण त्या एका मिनिटात चार जातींची माणसे वेगळी पडतात. एक जात दातओठ खाऊन झाकणाशी झटते आणि शेवटी बरणी फोडते. दुसरी 'हे उघडणारच नाही' असा निकाल देऊन वर्तमानपत्र उचलते. तिसरी जात झाकणाला हात न लावता, 'मुळात हे लावले कोणी?' याची चौकशी सुरू करते. ही जात बहुधा सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर जाते. चौथी जात फार विरळा. ती बरणी खाली ठेवते, तिच्याकडे थोडा वेळ नुसती बघते, आणि मग कोमट पाण्यात फडके बुडवते.

माझे मामा या चौथ्या जातीचे होते.

वैजापूरला एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर त्यांचे दुकान होते. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, तिच्यासमोर एक कडुलिंब, आणि लिंबाखाली तालुक्याभरातून आलेली आजारी यंत्रे. इंजिने, फवारणीचे पंप, पिठाच्या गिरणीचे दांडे, सायकली, क्वचित शिवणाचे यंत्रसुद्धा. वैजापूर हे तसे सीमेवरचे गाव. निजामाच्या राज्यात असताना पलीकडचे येवले आणि कोपरगाव इंग्रजांच्या मुलखात पडत. १९४८ साली ती सीमा पुसली गेली, पण 'पलीकडून आणलेला नट' आणि 'अलीकडचा नट' असा भेद आमच्या मामांच्या बोलण्यात पुढेही पुष्कळ वर्षे शिल्लक होता. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून तिकडे जात असू. मनमाडला गाडी बदलायची, तिथून मीटरगेजची छोटी गाडी, आणि रोटेगाव स्टेशनावर उतरून टांगा. आज मनमाडहून थेट ब्रॉडगेज धावते आणि तालुक्याच्या अंगावरून समृद्धी महामार्ग गेला आहे. पण ही हकीकत १९८६ सालची आहे, आणि तेव्हा वैजापूरला पोचायचे म्हणजे अर्धा दिवस खर्च होत असे.

त्या वर्षी दुकानाची आवराआवर चालली होती. मामांना नोकरी लागली होती. औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा स्कूटरचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने उभे राहू लागले. त्यांतल्या एका लहान कारखान्याचे पत्र आले होते. सोमवारी सकाळी आठ वाजता हजर व्हायचे. रविवारी दुपारची एस.टी. ठरली होती. दुकानाची किल्ली मालकाला द्यायची होती. हत्यारे दोन लाकडी खोक्यांत भरून वर खिळे ठोकून झाले होते. मामींनी घरातले सामानही बांधले होते. बारा वर्षे त्यांनी पावसाळा आला की काम येते आणि दुष्काळ पडला की येत नाही, असा संसार केला होता. त्यांना पगाराची तारीख हवी होती, आणि ती मागण्यात काही गैर नव्हते.

शुक्रवारी दुपारी लिंबाखाली एक जोडपे येऊन बसले. बाईच्या खांद्याला झोळीत तान्हे मूल, आणि बाप्याच्या खांद्याला गोणपाटात गुंडाळलेली लांबट वस्तू. गोणपाट सुटले तेव्हा मी तर एकदम उठून उभाच राहिलो. आत बंदूक होती!

मामांनी हात लावायच्या आधी विचारले, "दारूची आहे का?"

"न्हाई मिस्त्री, छऱ्ऱ्याची हाय. फुग्याची."

मग मामांनी ती हातात घेतली. दारूच्या बंदुकीला हात लावायचा तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि मामा कायद्याच्या बाबतीत फार भित्रे होते. ही जत्रेतली बंदूक होती. जत्रेत पडद्यावर ओळीने फुगे टांगून, 'आओ साब, नेम लगाओ' करीत बसणाऱ्या माणसाची. तिची नळी बैलगाडीच्या चाकाखाली सापडून वाकली होती. दुसरी चांगली नळी त्याच्याजवळ होती. त्याच बनावटीच्या एका फुटक्या बंदुकीची. ती त्याने धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, दोन्ही तोंडांना मेण लावून, जपून ठेवली होती. फक्त जुनी काढायची आणि नवी बसवायची. सोमवारपासून एका गावची जत्रा. दोन बंदुकांतली एक आधीच विकून झालेली. हंगामाच्या शेवटच्या तीन जत्रा राहिल्या होत्या. त्यानंतर पाऊस, आणि पावसात फुगे कोण फोडतो?

"दोन लव्हारांकडं गेलो," तो म्हणाला. "निघंना. एक म्हनला, कापून काढ."

मामी दारातूनच म्हणाल्या, "अहो, हत्यारं बांधून झालीत."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी बंदूक लिंबाला टेकवून ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने खोक्याचे खिळे उपटल्याचा आवाज आला.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी जत्रेत अशी बंदूक खांद्याला लावली असेल, पण तिच्या पोटात काय असते हे पाहिले नसेल. तिच्यात दारूचा कणही नसतो. नळी बिजागरीवर खाली मोडली की मागच्या नळकांड्यातली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि अडकून बसते. चाप ओढला की ती सुटते, चामड्याचा वायसर लावलेला दट्ट्या पुढे ढकलते, आणि दट्ट्यापुढची हवा दाबली जाऊन साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा बाहेर फेकला जातो. म्हणजे सायकलच्या पंपाचाच हा तापट भाऊ. नळीचे मागचे टोक एका पोलादी ठोकळ्यात आट्यांनी पिळून बसवलेले होते, आणि तिथेच सारे अडले होते.

मामांनी पहिल्यांदा नळीत छर्रा नाही ना ते पाहिले. मग बिजागरीचा खिळा काढून नळी आणि ठोकळा मागच्या नळकांड्यापासून वेगळा केला. मी म्हटले, मामा, नळीच तर काढायची आहे, सगळी बंदूक कशाला उसवता? तेव्हा त्यांनी सांगितले की आता इथे रॉकेल सोडायचे आहे, आणि रॉकेल जर दट्ट्याच्या पुढे जाऊन राहिले तर चाप ओढल्यावर ते पेट घेते. काडी लागत नाही. हवा एकदम दाबली की ती इतकी तापते की तेलाला तेवढे पुरते. डिझेल इंजिनात ठिणगी कुठे असते? तिथेही हेच. शाळेत दोन वर्षांनी हा धडा आला तेव्हा सबंध वर्गात तो मला एकट्याला आधीपासून येत होता.

रॉकेल आणि थोडे इंजिनचे तेल यांचे मिश्रण जोडावर रात्रभर ठिबकत ठेवले. गंज लोखंडाच्या अंगावर नुसता बसत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो. मोकळ्या जागी तो फुगून पापुद्रे सोडतो. पण आट्यांच्या अरुंद फटीत त्याला फुगायला जागा नसते, म्हणून तो दोन्ही बाजूंना रेटा देऊन पाचरीसारखा बसतो. सामाईक घरात दोन भावांच्या मध्ये एखादा तिसरा माणूस घुसून बसावा, तसा. रॉकेल पातळ असल्याने केसासारख्या फटीतूनही आत झिरपते. पण त्याला वेळ द्यावा लागतो. दोघा लोहारांनी तोच दिला नव्हता.

शनिवारी सकाळी मामांनी हत्यारे करायला घेतली. पोलादी जबड्याच्या वाइसमध्ये गोल नळी धरली तर ती एक तर सटकते, नाही तर तिच्या अंगावर ओरखडे उठतात. म्हणून त्यांनी बाभळीचा एक ठोकळा घेतला, त्याला नळीच्या जाडीचे आरपार भोक पाडले, आणि मग तो भोकाच्या मधोमध उभा कापला. करवतीने जेवढे लाकूड खाल्ले तेवढी फट दोन तुकड्यांत राहिली, आणि त्या फटीमुळेच वाइस आवळला की लाकूड नळीला सगळीकडून मिठी मारू लागले. तरीही नळी फिरत होती. तेव्हा मला वाण्याकडे पाठवून आठ आण्यांची राळ आणवली. सारंगीवाले गजाला लावतात तीच. तिची पूड लाकडाच्या खाचेत भुरभुरली. सारंगीत ती तारेला गजाबरोबर धरून ठेवते, म्हणून तर तार बोलते. इथे तिने नळीला लाकडाशी धरून ठेवले.

ठोकळ्याला फिरवण्यासाठी पाना हवा. बाजारात असा पाना मिळत नाही. मामांनी ट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करून वाकवला आणि दुपारभर कानस चालवून त्याचा जबडा ठोकळ्यावर नेमका बसेल असा केला. अगदी नेमका, कागदही मध्ये जाणार नाही असा. पाना फूटभर लांब झाला. त्याच्या दांड्यात हातपंपाच्या पाइपाचा तुकडा सरकवून तो तीन फुटांचा केला. एक फुटावर चाळीस किलोंचा जोर लावावा लागत असेल, तर तीन फुटांवर साडेतेरा किलो पुरतात. हिशेब सोपा आहे. पण नळीला हिशेब कळत नसावा. मामांनी जोर लावला, फुगेवाल्याने लावला, शेवटी रस्त्याने जाणारा एक ट्रकड्रायव्हर हौसेने आत आला आणि त्यानेही लावला. पाइप वाकला. नळी हलली नाही.

"कापा," ड्रायव्हर म्हणाला.

"कापली तर ठोकळ्यात अडकलेला तुकडा कोरून काढावा लागेल," मामा म्हणाले. "कोरताना आटे गेले की ठोकळा गेला. मग याच्याकडे दोन चांगल्या नळ्या असल्या तरी बसवायच्या कशात?"

संध्याकाळ झाली. मामी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. फुगेवाल्याची बायको लिंबाखाली मुलाला पाजत होती. मामींनी तिच्यापुढे भाकरी आणि चटणीची ताटली ठेवली, मग मामांना, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "उद्या दुपारची गाडी आहे. मी आता काही बोलत नाही. एवढंच विचारते, हे सोडून जायचं झालं तर जमेल का तुम्हाला?"

मामांनी उत्तर दिले नाही. ते त्या वेळी ठोकळ्याकडे डोळे बारीक करून बघत होते. सकाळी त्यांनी तो कोरडा पुसला होता. आता त्याच्या पोटाकडच्या बाजूला, काळ्या पॉलिशवर, बांगडीसारखी एक ओली रेघ उमटली होती. इतकी बारीक की ज्वारीचा दाणा तिच्यावर ठेवला तर झाकून जाईल. रात्रभर आत शिरलेले रॉकेल तिथून बाहेर डोकावत होते.

मामांनी त्या जागी कंदील धरून पॉलिश पेपर फिरवला. काळेपणा गेला आणि आतून एक पांढरे टिकले दिसले. तिथे खिट्टी होती! नळी आपोआप सुटू नये म्हणून बनवणाऱ्याने आडवी खिट्टी मारून, तिचे डोके घासून, वर पॉलिश चढवले होते. तिघा-चौघांचा जोर दिवसभर आट्यांशी भांडत होता आणि खरा अडसर भलतीकडेच होता. मामांनी निकामी व्हॉल्व्हची दांडी घासून सुंबा केला, आणि सहा-सात हलक्या ठोक्यांत खिट्टी पलीकडे निघाली.

आता गंज तेवढा राहिला. त्याला शेक द्यायचा होता, आणि इथे मामांनी एक गोष्ट केली ती मला आजही मोठी वाटते. रविवारी पहाटे ब्लो लँप पेटवल्यावर त्यांनी मामींना हाक मारली.

"अगं, तव्याचा अंदाज तुझ्याइतका मला नाही. थोडं पाणी शिंपडून सांग, कधी झाला ते."

गोष्ट अशी की, पोलाद जास्त तापले तर त्याचे पाणी उतरते, कमी तापले तर उपयोग नाही. आणि फक्त ठोकळा तापायला हवा, नळी नाही. म्हणून नळीवर ओले फडके गुंडाळले होते. बाहेरचे भोक फुगावे आणि आतला खुंटा तसाच राहावा. फुगून फुगून ते किती फुगणार? पोलाद दर अंशाला, लांबीच्या दहा लाख भागांत साधारण बारा भाग वाढते. सोळा मिलिमीटरचे भोक, एकशे सत्तर अंशांची वाढ. हिशेब केला तर मिलिमीटरचे तीन शतांश, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्मेच. पण गंजाची पाचर सैल व्हायला एवढे पुरते.

मामींनी पदर खोचला आणि तव्यावर शिंपडतात तसे बोटांनी पाणी शिंपडले. चर्र झाले. "अजून थांबा." पुन्हा शिंपडले. पुन्हा चर्र. तिसऱ्यांदा थेंब ठोकळ्यावर मोत्यासारखे नाचले आणि घरंगळून खाली पडले.

"आता," मामी म्हणाल्या.

फुगेवाल्याने पाइप ओढून धरला. झटका न देता, नुसता सतत ताण. मामांनी ठोकळ्यावर पितळी हातोडीने एक टोला घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला आवाज आला, 'कट्ट'. फार मोठा नव्हता. ज्याने आयुष्यात कधी अडलेली वस्तू सोडवली नाही त्याला वाटेल, काहीतरी मोडले. पण मामांच्या तोंडावरून मला कळले की मोडले नाही, सुटले. पाइप हातभर फिरला आणि मग नळी हाताने, अगदी बरणीच्या झाकणासारखी, फिरत बाहेर आली. फुगेवाल्याची बायको हसली. दोन दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिले.

नवी नळी बसवायला अर्धा तास लागला. आट्यांना तेल लावून ती खिट्टीचे भोक जुळेपर्यंत पिळली, खिट्टी मारली, बंदूक जोडली. लिंबापलीकडच्या भिंतीवर खडूने वर्तुळ काढून मामांनी पहिला छर्रा सोडला. तो बरोबर वर्तुळात बसला. फुगेवाला खूश व्हायच्या ऐवजी जरा विचारात पडला.

"मिस्त्री, एवढा नेम बरा न्हाई. माशी वाइच सरकवून देता का?"

"नळी सरळ बसवायची ती मी बसवली," मामा म्हणाले. "माशीचं तू आणि तुझा देव बघा."

जत्रेत आपला नेम चुकतो तो सगळाच आपला दोष नसतो, हे तेव्हा मला कळले, आणि पुढच्या आयुष्यात या ज्ञानाने मला फार धीर दिला आहे.

त्या वाकड्या नळीतून मामांनी मला उजेडाकडे बघायला लावले होते. आतल्या भिंतीवर पिळदार खाचा दिसत होत्या. या खाचांनाही मामा आटेच म्हणत. त्या गोळीला गिरकी देतात, आणि गिरकी घेणारी वस्तू भोवऱ्याप्रमाणे आपला तोल सोडत नाही. रायफल हे नावच मुळी या खाचांवरून पडले. आमच्या शेजारच्या दौलताबादला मेंढा तोफ आहे, तिचे तोंड केवढे! पण आतून सारे गुळगुळीत. म्हणून असल्या तोफांना आकार लागे आणि रायफलीला खाचा पुरतात. आज ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेत्या झाल्या, आणि त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, तेव्हा मी घरातल्या मुलांना त्या खाचांविषयी सांगू लागलो. मुलांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. असो.

दुपारची गाडी मिळाली. मामांनी मजुरीचे सात रुपये आणि राळेचे आठ आणे घेतले. मामींनी प्रवासात हिशेब विचारला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, "तिचं मूल तापलेलं होतं. मी सुंठ दिलीय." वैजापूरच्या दुकानातले ते शेवटचे काम.

वाळूजच्या कारखान्यात मामा बावीस वर्षे राहिले. घर झाले, मुले शिकली, पगार तारखेला आला. मामींचे म्हणणे खरे ठरले, आणि मामांनी ते कधी नाकारले नाही. एकदा मी त्यांना तिथल्या कामाविषयी विचारले. ते म्हणाले, "काम चांगलं आहे. तिथल्या पान्याला काटा असतो. कुठला बोल्ट किती आवळायचा तो आकडा भिंतीवर लिहिलेला असतो. आकडा आला की थांबायचं. चूक व्हायला जागाच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "वैजापूरला हाताला विचारावं लागायचं."

या वाक्यात तक्रार नव्हती. मी ते पुष्कळदा मनात फिरवून पाहिले आहे. काट्याच्या पान्याने लाखो स्कूटर धड राहिल्या. हाताला विचारत बसणाऱ्या माणसाला ते साधले नसते. पण ज्या वस्तूचा आकडा कोणीच कुठे लिहिलेला नाही, ती वस्तू घेऊन माणसे अजूनही कोणाच्या तरी दारात येतात. ती वस्तू दर वेळी लोखंडाचीच असते असे नाही. कधी दोन भावांतला अबोला असतो, कधी वयात आलेल्या मुलाचे मिटलेले तोंड. आपण पहिल्या दिवशी पाइप लावून ओढतो, आणि दुसऱ्या दिवशी कापायला निघतो. रात्रभर रॉकेल ठिबकत ठेवावे, सकाळी कोरडे पुसून ओली रेघ कुठे उमटते ते पाहावे, आणि शेक किती द्यायचा हे ज्याला कळते त्याला हाक मारावी, एवढा दम आपल्याला नसतो.

दिवाळीत चकल्यांचा डबा हमखास अडतो. या वर्षी तो कोणाच्या हातात देता, आणि तो माणूस काय करतो, तेवढे जरा पाहून ठेवा.